काळा दगड, तांबूस दगड
(विदर्भातील गावदेवळांच्या संग्रहाची प्रस्तावना)

सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती टेकडी काळ्या दगडाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि दख्खनचा मोठा भाग त्यांनी झाकून टाकला. त्या चादरीचा पूर्वेकडचा काठ नागपूरपाशी येतो. शहर सोडून पश्चिमेला काटोलकडे किंवा वर्ध्याकडे निघालात की काळी जमीन, कपाशी, संत्र्याचे बगीचे. पूर्वेला कन्हान ओलांडून वैनगंगेच्या खोऱ्यात उतरलात की दगड बदलतो, मातीचा रंग बदलतो, भाताच्या बांध्या लागतात आणि बोलीही बदलते. आपण ज्याला वऱ्हाड आणि झाडीपट्टी म्हणतो त्यांची हद्द कोणत्याही राजाने आखलेली नाही. लाव्हा जिथे थांबला त्याच्या आसपासच ती पडलेली आहे.

या संग्रहात विदर्भातल्या मध्ययुगीन देवळांचे आराखडे, मोजमापे आणि छायाचित्रे आहेत. बहुतेक देवळे गावातली, काही गावाबाहेर नदीकाठची. मोठी, पुस्तकांतून गाजलेली देवळे थोडी आहेत. ज्यांच्या ओट्यावर आजही कापूस तोलला जातो किंवा भजनी मंडळाचे टाळ ठेवलेले असतात अशी पुष्कळ आहेत. प्रस्तावना लिहायला घेतली तेव्हा पहिला मोह झाला तो राजवंशांची वंशावळ देण्याचा. वाकाटक, राष्ट्रकूट, परमार, यादव, मग गोंड, मग भोसले. ती माहिती शालेय पुस्तकांतही मिळते, आणि एखाद्या खेड्यातल्या देवळापुढे उभे राहिल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण बहुतेक देवळांवर बांधणाऱ्याचे नाव नाही. दगड मात्र समोर असतो. म्हणून वाचकाला माझे सांगणे एवढेच की आधी दगड विचारा, राजा नंतर.

नागपूरच्या दगडांविषयी पहिले पद्धतशीर लिखाण स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांनी केले. त्यांचा नागपूरच्या भूगर्भावरचा निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात वाहून गेले. त्यांच्या नावाचे कॉलेज सगळ्यांना ठाऊक आहे. कामठीच्या परिसरातल्या ज्या वालुकाश्माचा त्यांनी अभ्यास केला त्याला आज भूगर्भशास्त्रात कामठीचेच नाव आहे, हे मात्र कामठीकरांनाही क्वचितच माहीत असते.

आता काळ्या दगडाकडे. वऱ्हाडात कुठलेही जुने, बिनचुन्याचे देऊळ दाखवून विचारा, उत्तर एकच: हेमाडपंती. राक्षसांनी एका रात्रीत बांधले, कोंबडा आरवला म्हणून कळस राहून गेला, हेही लगेच ऐकायला मिळते. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप (राजदप्तराचा प्रमुख), म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या लेखात, शके ११९५ ते ११९९ मधल्या देणगीदारांत, त्याचे नाव आहे. पण अंबरनाथचे देऊळ शके ९८२ चे, म्हणजे १०६० चे. अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीच्या देवळातला शिलालेख शके १०९८ चा, ११७६ सालचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या डोंगरगावचा जगद्देव परमाराचा लेख शके १०३४ चा. हेमाडपंत जन्मायच्या आधीच ही पद्धत इथे चांगली रुळलेली होती. हेन्री कझिन्स यांचे दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. तेव्हापासून अभ्यासकांत याविषयी वाद नाही. गावात मात्र हेमाडपंतच चालतो, आणि चालू द्यावा. गावकऱ्याला त्यातून सांगायचे असते ते बांधकामाविषयी: चुना नाही, दगडावर दगड.

हे दगडावर दगड प्रकरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. बसाल्टचे वजन घनमीटरला पावणेतीन ते तीन टन. अडीच मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद-जाड अशी एक तुळई धरली तर ती पावणेदोन टनांच्या घरात जाते. असल्या तुळयांचा चौक चार खांबांवर बसवायचा आणि वर छत घालायचे, तेही कमान न वापरता. दगड दाब कितीही सोसतो, ताण सोसत नाही. लांब तुळई स्वतःच्याच वजनाने मधे तडकते. म्हणून खांब जवळजवळ येतात आणि सभामंडपात खांबांची गर्दी होते. पुष्कळांना ती दाटी केवळ शोभेची वाटते, पण ती तुळईच्या लांबीची मर्यादा आहे.

चौकावरचे छत कसे झाकले ते मान वर करून पाहा. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक त्रिकोणी दगड आडवा टाकलेला असतो. त्यामुळे आत एक लहान चौकोन उरतो, पहिल्याशी तिरपा. त्याचे कोपरे पुन्हा तसेच कापायचे. दोन-तीन वेळा असे केले की मधे हातभर भोक उरते, त्यावर कमळ कोरलेली एकच शिळा. मोठ्या मंडपात हेच काम गोल कड्यांनी होते, प्रत्येक कडे खालच्यापेक्षा थोडे आत झुकलेले. शिल्पशास्त्रात याला वितान म्हणतात. यात कुठलाही दगड दुसऱ्याला बाजूला ढकलत नाही, सगळे वजन सरळ खाली जाते. युरोपातल्या खेड्यातले मध्ययुगीन चर्च याच्या नेमके उलट आहे. तिथे चुन्यात बांधलेल्या भिंती आणि कमानी. कमान भिंतीला बाहेर लोटते, म्हणून बाहेरून तिला दगडी टेकू द्यावे लागतात. आपल्या देवळाला टेकू नाही, कारण लोटणारेच कोणी नाही.

आणि खाली माती कसली, तर काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वऱ्हाडात विटा-सिमेंटचे नवे घर बांधणारा कोणीही या मातीची कहाणी सांगेल. चुन्याने घट्ट जखडलेली भिंत अशा जमिनीवर कुठेतरी फाटतेच. सुटी रचलेली भिंत मातीबरोबर किंचित हलते, सांधा अर्धा बोट उघडतो आणि ती पुन्हा टेकून बसते. ही पद्धत काळ्या जमिनीसाठी मुद्दाम शोधली असे मी म्हणणार नाही. जिथे काळी जमीन नाही तिथेही ती आहे. पण वऱ्हाडात ती इतकी टिकली याचे श्रेय मी पाथरवटाइतकेच या सैल सांध्यालाही देईन.

दगड जवळ असेल तर हे सगळे ठीक. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूरच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात गाळाची माती इतकी खोल आहे की विहीर खणतानाही खडक लागत नाही. त्याच पट्ट्यात लासूरचे आनंदेश्वराचे देऊळ आहे, काळ्या दगडाचे, पुरते घडवलेले. त्याचा प्रत्येक चिरा खोऱ्याच्या काठावरून बंडीवर लादून आलेला असणार. देऊळ पाहायला जाणाऱ्याने वाटेतली सपाटीही पाहून घ्यावी. खर्चाचा अंदाज तिथे येतो.

हा खर्च कोण करी? विदर्भातल्या लेखांपेक्षा खानदेशातला एक लेख इथे जास्त बोलका आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, शके ११२८ मध्ये. त्या लेखाच्या मराठी भागात मठासाठी लावून दिलेली उत्पन्ने आहेत. त्यांत बाजारातल्या विक्रीवरचा हक्क आहे आणि घाण्याघाण्यामागे तेल आहे. म्हणजे नाव राजाचे किंवा सामंताचे असले तरी दिव्याचे तेल तेल्याच्या घाण्यातून येई. देवळाचे जमाखर्च असेच चालत, आणि घाणा बंद पडला की दिवा विझे. अनेक देवळे ओस का पडली याचे कारण शोधताना आपण थेट परचक्रापर्यंत धावतो. आधी गावाचा बाजार कधी उठला तेही पाहायला हवे.

आता सीमा ओलांडू. झाडीपट्टीत वालुकाश्म आहे, तांबूस, पिवळसर, कुठे करडा. खाणीतून ताजा काढला की छिन्नीला मऊ लागतो. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि त्या वळणावर देवळांचा समूह आहे. पुरातत्त्व खात्याचे कनिंगहॅम इथे १८७०च्या दशकात आले. सुमारे दोनशे फूट लांब आणि एकशेवीस फूट रुंद आवारात वीसेक लहानमोठी देवळे त्यांनी नोंदवली आणि मुख्य देवळाची तुलना खजुराहोशी केली. तुलना समजण्यासारखी आहे. भिंतीवर मूर्तींचे पट्टे एकावर एक, प्रत्येक कोनाड्यात कोणीतरी वळून, वाकून, हात उंचावून उभे. काळ्या दगडाच्या देवळात भिंतीला आडव्या थरांचा, कोनांचा, सावलीच्या रेघांचा खेळ जास्त, इथे माणसांचा. शिखरही वेगळे. पश्चिमेला बहुधा भूमिज पद्धत, अंबरनाथला किंवा सिन्नरच्या गोंदेश्वराला दिसते तशी, चार उभ्या पट्ट्यांमध्ये छोट्या शिखरांच्या माळा. मार्कंड्याचे शिखर उत्तरेच्या नागर वळणाचे.

इथे कोणी लगेच सूत्र काढील: कठीण दगड म्हणजे साधी भिंत, मऊ दगड म्हणजे मूर्ती. लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळ या सूत्राला उत्तर आहे. बुलढाणा जिल्हा, पक्का बसाल्ट, पण बाह्यभिंत मूर्तींनी भरलेली आणि आत छतावर कथाप्रसंग कोरलेले. पैसा आणि कारागीर असला की काळा दगडही बोलता करता येतो. दगडाने काय होणार ते ठरत नाही, काय स्वस्तात होईल तेवढे ठरते. आणि गावदेऊळ हे बहुतेक वेळा स्वस्तातच बांधलेले असते, म्हणून तिथे दगडाची सत्ता जास्त दिसते.

देऊळ बांधून झाल्यावर त्यात काय चाले हे कळायला मराठीत एक भाग्य आपल्याला लाभले आहे. महानुभावांनी चक्रधरांच्या आठवणी लीळाचरित्रात जमवल्या. म्हाइंभटांनी ते काम अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला वाजेश्वरीच्या देवळाच्या आश्रयाने केले. चक्रधर सतत फिरत आणि त्यांचा मुक्काम पुष्कळदा देवळांत पडे. त्यामुळे या ग्रंथात देऊळ हे पूजेपेक्षा मुक्कामाची, जेवणाची, भेटीगाठींची जागा म्हणून येते. पुढे त्याच परंपरेत स्थानपोथी तयार झाली. स्वामी कुठे बसले, कुठे निजले, त्या देवळाचे दार कोणत्या दिशेला, बाजूला काय, असे एकेका गावचे टिपण तिच्यात आहे. भक्तांना नमस्कारासाठी नेमकी जागा हवी होती, म्हणून त्यांनी ती लिहून ठेवली. आपल्या हाती मात्र मध्ययुगातली देवळांची पाहणीच आली. दोन्ही ग्रंथांचे संपादन नागपूरच्याच वि. भि. कोलते यांनी केले. पुरातत्त्वाचे विद्यार्थी कझिन्स वाचतात, मराठीचे विद्यार्थी स्थानपोथी वाचतात आणि दोघांची गाठ पडत नाही, ही आपल्या विद्यापीठांची जुनी खोड आहे. या संग्रहात जिथे शक्य झाले तिथे आराखड्याशेजारी पोथीतले वर्णन ताडून पाहिले आहे, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे काम वाटते.

शिखरांविषयी. विदर्भातल्या बहुतेक गावदेवळांना मूळ शिखर नाही, आणि गावात त्याचे एकच कारण सांगतात: फोडले. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण सुट्या दगडांच्या शिखरात पिंपळाचे बी पडले की शंभर वर्षांत ते काम आपोआप होते. मूळ सांध्यात शिरते, पाणी मुळामागून शिरते. काही देवळांची शिखरे विटांची होती, ती आधी गेली. मार्कंड्याला वीज पडून शिखराचा भाग मंडपावर कोसळल्याची हकीकत जुन्या गॅझेटियरमध्येही आहे. आणि काही शिखरे मुळात पुरीच झाली नसतील, राक्षसांच्या गोष्टीतला कोंबडा म्हणजे कदाचित संपलेला पैसा. प्रत्येक मोडक्या दगडामागे एकच हात शोधणारा इतिहास सोपा असतो, पण त्याला सांध्याकडे पाहायची सवय नसते.

चुन्याच्या पांढऱ्या थरांवर अभ्यासकांचा राग असतो. गावाने दरवर्षी चुना फासला, मूर्तींची नाके-डोळे बुजली, वर शेंदूर चढला. रामटेकचे उदाहरण या रागाला थोडे थंड करते. गडावरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन देवळे वाकाटककाळची, पाचव्या शतकाच्या आसपासची. दिसायला ठेंगणी, भक्कम, सपाट छपराची. केवल नरसिंहाच्या भिंतीवरचा गिलावा १९८०च्या दशकात काढला तेव्हा खाली शिलालेख निघाला. झिजलेल्या अक्षरांत प्रभावतीगुप्तेच्या घराण्याचा वृत्तांत आहे. ती दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटक राणी. गिलाव्याने तो लेख लपवला खरा, पण ऊनपावसापासून सांभाळलाही. तिथून जवळच मनसरला जे उत्खनन झाले त्यात त्याच काळाचे विटांचे प्रचंड बांधकाम मिळाले, म्हणजे विदर्भात देऊळ आधी विटेतही उभे राहत होते.

इंग्लंडमध्ये हाच वाद एकोणिसाव्या शतकात पेटला होता. तिथल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चमधली जुनी भित्तिचित्रे धर्मसुधारणेच्या काळात चुन्याखाली गेली होती. मग जीर्णोद्धाराची लाट आली आणि 'मूळ रूप' काढण्याच्या हौसेने भिंती खरवडल्या गेल्या. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली ती या खरवडण्याविरुद्धच. गंमत अशी की त्याच सुमारास, १८७९ मध्ये, मध्ययुगीन गॉथिक वळणाचा पुरस्कर्ता असलेल्या जी. एफ. बॉडली या वास्तुरचनाकाराच्या आराखड्याने नागपुरातले ऑल सेंट्स चर्च वाढवले गेले. ज्यांना मध्ययुगीन चर्चची ठेवण पाहायची आहे त्यांना सदरमध्ये तिची नक्कल पाहता येते. आपल्या मध्ययुगाच्या अस्सल वस्तू मात्र तासाभराच्या अंतरावर, रामटेकला, सावनेर-केळवदकडे आहेत आणि तिकडे आपण बहुधा फक्त जत्रेला जातो.

खरा धोका चुन्याचा नाही, तो धुऊन निघतो. धोका सिमेंटचा आहे. उघड्या सांध्यात सिमेंट भरले की भिंतीची हालचाल थांबते आणि दगडच फुटतो. वालुकाश्मात आत अडकलेले पाणी पापुद्रे काढते. गुळगुळीत फरशा, तैलरंग, पत्र्याचा मंडप हे सगळे भक्तीने येते, वर्गणी काढून येते, म्हणून त्याला नुसते नाक मुरडणे बरोबर नाही. उलट बाजूला कायदा आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, अशी १९५८च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. शहरात हे नीट. खेड्यात देवळाभोवतीचे १०० मीटर म्हणजे अर्धे गाव. ज्याच्या घराचे छप्पर गळते आणि ज्याला स्लॅब टाकता येत नाही, त्याला त्या देवळाचे प्रेम कसे वाटावे? काही गावे आपले देऊळ यादीत जाऊ नये म्हणून धडपडतात, ती या हिशेबानेच. माझे मत असे की शंभर मीटरचा एकच गज सगळीकडे लावण्याऐवजी गावागणिक आखणी व्हावी, आणि त्यासाठी आधी प्रत्येक देवळाचा नीट नकाशा हवा. तो नकाशा पुढच्या पानांत आहे.

इंग्लंडमध्ये वास्तुकलेचे इतिहासकार पेव्हस्नर यांनी १९५१ ते १९७४ या काळात इमारतींची ४६ खंडांची जिल्हावार यादी पुरी केली; त्यात एकेका खेड्याच्या चर्चला जागा मिळाली. आपल्याकडे एवढे बळ एका माणसात कुठून येणार, पण एका विभागाचे काम होऊ शकते हे या संग्रहाने दाखवले आहे. त्यात उणिवा आहेत. जैन देवळे कमी आली आहेत, गोंड राजवटीतल्या डागडुजीची नोंद त्रोटक आहे, आणि काही ठिकाणी छतापर्यंत कॅमेरा पोचलेला नाही.

पुस्तक घेऊन निघणाऱ्याला दोन-चार गोष्टी सांगतो. देऊळ सकाळी पाहा, तिरप्या उन्हात भिंतीवरचे थर उठून दिसतात. दुपारी सगळे सपाट होते. जोत्यापासून सुरुवात करा; पुष्कळ ठिकाणी रस्ता वर चढल्यामुळे निम्मे जोते जमिनीत गेलेले असते, तेवढे मनातल्या मनात उकरून घ्या म्हणजे देवळाची खरी उंची कळेल. सांधा बोटाने तपासा. छतासाठी विजेरी हवी. गाभाऱ्यात शिरण्याआधी पुजाऱ्याला विचारा, आणि परवानगी दिली नाही तर वाद घालू नका. द्वारशाखा आणि उंबरठा बाहेरूनही दिसतो आणि निम्मा मजकूर तिथेच असतो. गावात कोणी वडार किंवा बेलदार कारागीर असेल तर त्याला सोबत घ्या. दगड कुठल्या खाणीचा, हे तो सहसा एका नजरेत सांगतो.